डेटाबेसचं बिऱ्हाड

मेडिकल चालवणाऱ्या एका मित्राचा परवा फोन आला. नवा कॉम्प्युटर घेतला, जुन्यातलं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन त्यात टाकलं, आणि आता बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडायलाच तयार नाही. "फायली तर सगळ्या आल्यात रे, साइजपण तेवढीच दिसतेय." त्याच आठवड्यात आमच्या आत्याने बँकेचा मेसेज दाखवला: अमुक तारखेला पहाटे सेवा बंद राहतील, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. "एवढी मोठी बँक, आणि यांना दुकान बंद ठेवून सामान हलवावं लागतं होय?"

दोघांचा प्रश्न एकच आहे: डेटाबेस एका मशिनवरून दुसऱ्यावर नीट हलवायचा कसा? सध्या तो बऱ्याच जणांच्या दारात येऊन उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, संपला. लहान दुकानं, दवाखाने, पतसंस्था यांच्याकडे हिशेबाचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर नावाच्या ज्या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-प्रोग्रामवर चालतं, त्याच्या २०१६ सालच्या आवृत्तीची मुदत १४ जुलै २०२६ ची. म्हणजे मशिन धडधाकट असलं तरी बिऱ्हाड हलवायची वेळ येतेच. माझा पोटापाण्याचा धंदा हाच असल्यामुळे म्हटलं, एकदा नीट बसून सांगावं.

आधी कीर्द, मग खातं

डेटाबेस म्हणजे माहितीची नीट लावलेली वही, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण वह्या दोन असतात, हे सहसा कुणी सांगत नाही. ज्यांनी जुन्या पेढीवर हिशेब लिहिलेला पाहिलाय त्यांना हे चटकन कळेल. एक असते रोजकीर्द. जे घडेल ते, घडेल त्या क्रमाने, शेवटच्या ओळीखाली लिहायचं. दुसरी खातेवही. तिथे प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पान. कीर्दीतली नोंद त्या पानावर उतरवणं म्हणजे खतावणी.

डेटाबेस चालवणारा प्रोग्राम अगदी असाच वागतो. तुम्ही काउंटरवर ५०० रुपये भरलेत की तो आधी आपल्या कीर्दीत ओळ टाकतो आणि मगच पावती देतो. कीर्दीला तांत्रिक भाषेत लॉग म्हणतात. तुमच्या खात्याच्या पानावर बदल होतो तो आधी मेमरीत. तो डिस्कवरच्या फायलीत उतरतो सवडीने, कधी काही सेकंदांनी, कधी काही मिनिटांनी. असं का? कारण वहीच्या शेवटी एक ओळ लिहिणं झटपट होतं, चाळीस ठिकाणची पानं उघडून लिहिणं वेळखाऊ असतं. मध्येच लाइट गेली तरी बिघडत नाही. पुन्हा चालू झाल्यावर प्रोग्राम कीर्द वाचतो, कुठपर्यंत खतावणी झाली होती ते बघतो आणि राहिलेली पुरी करतो.

यातून एक गोष्ट निघते, आणि मित्राच्या फोनचं उत्तर तिच्यातच आहे. चालू डेटाबेसची डिस्कवरची फाइल कुठल्याही क्षणी थोडी अर्धवटच असते. खरी स्थिती म्हणजे खातेवही आणि कीर्द, दोन्ही मिळून.

मग झेरॉक्स काढली तर?

समजा खातेवही दोनशे पानांची आहे आणि कारकून त्यात लिहीत असतानाच तुम्ही एकेक पान झेरॉक्सला देताय. पाटलांचं बारावं पान अकरा वाजता झालं. अकरा वाजून पाच मिनिटांनी पाटलांनी जाधवांना ५,००० रुपये दिले. जाधवांचं एकशे ऐंशीवं पान निघालं अकरा-दहाला. आता झेरॉक्स प्रतीत पाटलांचे पैसे जागेवर आहेत आणि जाधवांकडेही आलेत. मशिनने ५,००० रुपये छापून दिले!

चालू डेटाबेसचं फोल्डर कॉपी करणं म्हणजे हेच. विंडोजवर तर प्रोग्रामने फाइल धरून ठेवलेली असते, त्यामुळे साधी कॉपी होतच नाही. मित्राने कुठलं तरी जबरदस्तीने कॉपी करणारं सॉफ्टवेअर वापरलं होतं. त्याने फाइल दिली, पण आतली पानं वेगवेगळ्या वेळची.

तर मग फोल्डर कॉपी करणं कायमचं निषिद्ध का? तसं नाही. डेटाबेस नीट बंद केला, म्हणजे त्याने सगळी खतावणी उरकून वह्या मिटल्या, तर फायली उचलून नेता येतात, आणि लहान दुकानाला ते पुरतंही. अट एवढीच की कॉपी पुरी होईस्तोवर शटर खाली.

बॅकअप वेगळा असतो तो इथे. बॅकअप घेतो तो डेटाबेसचा प्रोग्रामच. तोही पानं एकामागून एक काढतो, कारकून तिकडे लिहितच असतो, पण ही झेरॉक्स चालू असताना कीर्दीत जेवढ्या ओळी पडल्या तेवढी पानंही तो त्याच गठ्ठ्याला टाचून देतो. नव्या मशिनवर हा गठ्ठा उघडताना आधी पानं मांडली जातात, मग टाचलेल्या ओळींची खतावणी होते. सगळी वही एकाच क्षणावर येऊन थांबते आणि पाटील-जाधवांचा हिशेब जुळतो. या उघडण्याला रिस्टोअर म्हणतात. हे दोन परके शब्द लक्षात ठेवा: बॅकअप आणि रिस्टोअर.

टपरी उचलायची की मांडव सोडायचा

बॅकअपचे घाट दोन आहेत. रस्तारुंदीकरणात पानाची टपरी हलवतात ते आठवा. चार जण लावायचे, टपरी आहे तशी टेम्पोत चढवायची, नव्या जागी उतरवायची. आतला चुन्याचा डबाही हललेला नसतो. हा पहिला प्रकार. डेटाबेसची पानं जशीच्या तशी उचलली जातात. काम लवकर होतं, पण टपरी जिथे उतरवायची ती जागा त्याच मापाची लागते. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये असा बॅकअप फक्त त्याच मुख्य आवृत्तीवर उतरतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये जुन्या आवृत्तीवरचा बॅकअप नव्यावर चालतो, नव्यावरचा जुन्यावर मात्र कधीच नाही. वाट एकेरी आहे, हे पुढे कामाला येईल.

दुसरा प्रकार म्हणजे मांडव. बांबू सोडायचे, कापडाच्या घड्या घालायच्या, दोऱ्यांची भेंडोळी करायची आणि नव्या मैदानावर पुन्हा उभारायचा. इथे प्रोग्राम पानं देत नाही, सूचना देतो: अशी सारणी तयार कर, तिच्यात ही ओळ घाल, मग ही. याला डंप म्हणतात. मांडव कुठल्याही मैदानावर बसतो. विंडोजवरून लिनक्सवर, जुन्या आवृत्तीवरून नव्यावर. पण उभारायला वेळ लागतो. प्रत्येक ओळ नव्याने घालायची, आणि नंतर सगळ्या अनुक्रमण्या, म्हणजे कुठली नोंद कुठे आहे ते सांगणाऱ्या सूच्या, पुन्हा बांधायच्या. तासाभरात काढलेला डंप चढवायला सहा तास लागले, अशी उदाहरणं मी पाहिलीत, आणि दोष कुणाचाच नव्हता.

टपरीबाबत एक धोका असा आहे की जो भल्याभल्यांना माहीत नसतो. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात, पण हिंदी शब्दकोशात क्ष शोधायचा तर 'क'च्या पोटात. समजा मराठी क्रमाने लावलेला कोश तुम्ही हिंदी क्रम पाठ असलेल्या माणसाच्या हातात दिला आणि 'क्षमा' शोधायला सांगितलं. तो 'क' उघडेल, बघेल आणि म्हणेल, शब्दच नाही. शब्द आहे, तो शोधतोय चुकीच्या जागी. लिनक्समध्ये २०१८ साली अक्षरक्रम ठरवणाऱ्या मूळ भागात, ग्लिबसीच्या २.२८ या आवृत्तीत, असाच मोठा फेरफार झाला. पोस्टग्रेस अक्षरक्रम बहुधा तिथूनच घेतो. ज्यांनी जुन्या लिनक्सवरची टपरी नव्या लिनक्सवर जशीच्या तशी उतरवली, त्यांच्या अनुक्रमण्या जुन्या क्रमाच्या आणि शोधणारा नव्या क्रमाचा. एरर येत नाही, ग्राहक मात्र 'सापडत नाही'. उपाय सोपा आहे, अनुक्रमण्या पुन्हा बांधायच्या. पण आधी असं काही असतं हे ठाऊक हवं.

आत्याचा प्रश्न: बंद ठेवायचं ते किती वेळ?

एक साधं गणित. २०० जीबीचा बॅकअप, हल्लीचं ऑफिसमधलं एक गिगाबिटचं नेटवर्क. सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी. म्हणजे सगळं उत्तम चाललं तर सत्तावीस मिनिटं. आता मध्ये कुठेतरी नेटवर्कच्या तारा जोडणारा जुना १०० मेगाबिटचा स्विच असेल, आणि तो असतोच, टेबलाखाली धूळ खात, तर तेच काम साडेचार तासांचं. वर रिस्टोअरचा वेळ वेगळा, तपासणीचा वेगळा.

बॅकअप, वाहतूक आणि रिस्टोअर हे सगळं शटर खाली ठेवून केलं तर आठ-दहा तास सहज जातात. इथे कीर्द पुन्हा मदतीला येते. पूर्ण वहीचा बॅकअप गुरुवारीच घ्यायचा, व्यवहार चालू असतानाच. तो नव्या मशिनवर नेऊन उघडायचा, पण 'अजून पानं यायची आहेत' असं सांगून अर्धवट ठेवायचा. मग शुक्रवारच्या कीर्दीची पानं न्यायची, खतावणी करायची. शनिवार दुपारची न्यायची. नवी वही जुनीच्या मागोमाग चालत येते. शेवटी काउंटर बंद झालं की उरलेल्या तासाभराची पानं तेवढी काढायची. ही शेवटची पानं काढतानाच जुन्या वहीला सील ठोकता येतं, म्हणजे त्यानंतर तिच्यात कुणी लिहूच शकत नाही. नवीत शेवटची खतावणी झाली की तिला चालू करायचं. २०० जीबीची वही, पण बंद राहिलं ते दहा-पंधरा मिनिटं.

यासाठी कीर्दीची पानं राखून ठेवलेली हवीत. अनेक लहान ठिकाणी डेटाबेस अशा पद्धतीवर ठेवलेला असतो की काम झालेल्या ओळी पुसून जागा मोकळी केली जाते. डिस्क भरू नये म्हणून कुणीतरी कधीतरी केलेली सोय. तिथे ही युक्ती चालत नाही, आधी ती पद्धत बदलून नवा पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो.

मग बँकांना तासन्‌तास का लागतात? कारण त्यांचा डेटाबेस एकटा नसतो. एटीएम, यूपीआय, कार्डं, दुसऱ्या बँका, सगळ्या तारा सोडून पुन्हा जोडायच्या असतात. एचडीएफसी बँकेने आपली मूळ यंत्रणा नव्या व्यवस्थेवर नेली तेव्हा १३ जुलै २०२४ ला पहाटे ३ ते दुपारी ४:३० असा साडेतेरा तासांचा वेळ आधीच जाहीर केला होता. तो दुसरा शनिवार होता, बँका तशाही बंद. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपण लाइटीचं काम रविवारी काढतो तसं." अगदी तसंच.

एका शनिवारची हकिगत

तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. डेटाबेस ४२ जीबीचा, जुनं मशिन दहा वर्षांचं, पंख्याचा आवाज जात्यासारखा. गुरुवारपासून वर सांगितल्याप्रमाणे सगळं चालू होतं. शनिवारी दिवसअखेर झाली, साडेसहाला मी शेवटची पानं काढली आणि जुन्याला सील ठोकलं. दहाच मिनिटांत पिग्मीचा एजंट हातातलं मशिन घेऊन आला. त्याची दिवसाची वसुली चढेना. "सर, मशिन बिघडलं काय?" बिघडलं नव्हतं. सील धरून बसलं होतं. त्याची वसुली जुन्या वहीत गेली असती तर नव्या वहीला ती कधीच कळली नसती. त्याला सोमवारवर सोडलं. वैतागला बिचारा.

मग तपासणी. संस्थेतले जुने अकाउंटंट, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी जुन्या मशिनवरून सहा वाजता छापून घेतलेली तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकींचा गोषवारा, समोर ठेवली, लाल पेन काढलं आणि नव्या मशिनवरची तेरीज एकेका खात्याशी ताडून बघायला लागले. मी म्हटलं, "अण्णा, कॉम्प्युटरने तपासलंय, शंभर टक्के झालं असं लिहून आलंय."

"अहो सर, शंभर टक्के काय झालं ते नाही ना लिहिलं त्याने?"

बरोबर होतं त्यांचं. पडद्यावरचे शंभर टक्के म्हणजे गठ्ठ्यात होतं तेवढं उतरलं. गठ्ठ्यात सगळं होतं का, हे अण्णांची तेरीज सांगते. एकूण ठेवी, कर्जं, खातेदारांची संख्या, शेवटचा व्हाउचर नंबर. चारही जुळले, पैशापर्यंत.

आणि तरीही काउंटरवरचा प्रोग्राम आत जाईना. पासवर्ड चुकीचा, म्हणे.

वही आली, वॉचमन राहिला

याची सवय हवी. सोसायटीत दोन याद्या असतात. गेटवरच्या वॉचमनचं रजिस्टर आणि आत फ्लॅटमध्ये कुणाला कुठली खोली उघडता येते ते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फ्लॅटची यादी डेटाबेसच्या आत असते, ती बॅकअपबरोबर येते. वॉचमनचं रजिस्टर मशिनचं असतं, ते येत नाही. नव्या रजिस्टरात त्याच नावाचा माणूस लिहिला तरी उपयोग नाही, कारण दोन्हींची गाठ पडते ती नावावरून नव्हे, आतल्या ओळख-क्रमांकावरून. आधार कार्डावर नाव तेच आणि नंबर वेगळा, मग कोण आत सोडेल? जुने क्रमांक नव्याला जोडून दिले की दोन मिनिटांत काम होतं. पण हे माहीत नसलेल्याची रात्र 'पासवर्ड बदलून बघू' यात जाते.

आत गेलो तर खातेदारांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. इथे क्षणभर पोटात गोळा आला, मग लक्षात आलं. सॉफ्टवेअर युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या काळातलं. तेव्हा मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेला मराठी पोशाख. डेटाबेसमध्ये साठलेलं असतं इंग्रजी अक्षर, फाँट त्याला 'क' म्हणून दाखवतो. फाँट जुन्या मशिनवर राहिला होता. तो आणून बसवला, नावं परत आली.

पण इंग्रजी चिवडा दिसणं आणि प्रश्नचिन्हांची रांग दिसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मांडव सोडून हलवताना युनिकोड मराठी जर अशा रकान्यात ओतलं गेलं की ज्याला देवनागरी ठाऊकच नाही, तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठतं. साठतं म्हणजे खरोखर प्रश्नचिन्हच साठतं. मूळ अक्षर गेलं, कुठलाही फाँट ते परत आणणार नाही. अशा वेळी एकच करायचं, थांबायचं आणि जुन्या मशिनकडे परत जायचं. म्हणून तपासणीत आकड्यांबरोबर दहा-वीस मराठी नावंही डोळ्यांनी वाचावीत.

पासबुक छापायच्या जुन्या प्रिंटरची रुंद पिन बसेल असं भोकच नव्या मशिनला नव्हतं. त्यासाठी रविवारी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन कार्ड आणावं लागलं. डेटाबेसशी याचा संबंध शून्य, पण सोमवारी काउंटरपुढे उभ्या असलेल्या माणसाला तसं सांगून बघा!

खरी चूक माझी निघाली ती मंगळवारी. जुन्या मशिनवर रोज रात्री आपोआप बॅकअप व्हायचा. तो आदेश संस्थेच्या डेटाबेसमध्ये नसतो, सर्व्हरच्या स्वतःच्या वेगळ्या वहीत असतो, आणि ती मी आणलीच नव्हती. नव्या कोऱ्या मशिनवर सलग तीन रात्री एकही बॅकअप झाला नव्हता. कुणाला कळलं नाही, कारण न झालेल्या कामाचा आवाज येत नाही. तेव्हापासून माझ्या तपासणीच्या कागदावर पहिली ओळ हीच असते.

मोठ्यांचंही याच वळणावर घसरतं. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये लाखो ग्राहकांचा कारभार एका शनिवार-रविवारी नव्या यंत्रणेवर नेला. तिथल्या नियामकांनी नंतर नोंदवलं की माहिती स्वतः व्यवस्थित पोहोचली होती, कोसळली ती भोवतालची यंत्रणा. सुमारे १९ लाख लोकांना आपल्या खात्यात जाता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला.

"आमचा बॅकअप रोज होतो"

हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, शेवटचा उघडून कधी बघितला होता? बहुतेकदा समोरचा हसतो.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत जे झालं ते त्यांनी स्वतःच सविस्तर जाहीर केलंय, म्हणून सांगता येतं. प्रोग्रामरांचं काम साठवणारी कंपनी, म्हणजे आपल्याच धंद्यातले जाणते लोक. दोन सर्व्हर, एक मुख्य आणि एक त्याची चालती नक्कल. नक्कल मागे पडली म्हणून थकलेल्या इंजिनिअरने तिचं फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करायचं ठरवलं. पुसण्याचा आदेश दिला आणि एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की हा मुख्य सर्व्हर आहे. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

हरकत नाही, बॅकअप आहेत की. शोधायला गेले तर रोजच्या डंपची जागा रिकामी. डंप काढणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा, डेटाबेस ९.६ चा. तो रोज नकार देत होता. नकाराची ईमेल जायची, पण ती खरंच कंपनीकडूनच आलीय हे पटवणारी खूण तिच्यावर नसल्याने ती वाटेतच नाकारली जायची. बाकीचे मार्गही एक तर बंद होते किंवा निरुपयोगी. वाचवलं ते एका योगायोगाने. त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक प्रत काढली होती. तीही संथ डिस्कवर, उतरवायलाच अठरा तासांच्या आसपास गेले. मधल्या सहा तासांतलं काम परत आलं नाही: सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवे सदस्य.

बिऱ्हाड हलवण्याचा माझ्या लेखी सर्वांत मोठा फायदा हाच आहे. वर्षानुवर्षं रात्री साठत गेलेला गठ्ठा त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या मशिनवर उघडावा लागतो. कुणाकुणाच्या गठ्ठ्यातून मोजून शून्य बाइट निघतात. आणि ते अशा वेळी कळतं की जुनं मशिन अजून जिवंत आहे.

"क्लाउडवर टाकलं की कटकट संपली"

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या जागेतलं मशिन. तिथेही बिऱ्हाड न्यावंच लागतं, फक्त रस्ता इंटरनेटचा. पतसंस्थेचे ४२ जीबी सेकंदाला २० मेगाबिट चढवणाऱ्या लाइनवरून पावणेपाच तास घेतील. रस्त्याची ही अडचण इतकी खरी आहे की अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये चक्क ट्रक आणला होता. ४५ फुटी कंटेनर, आत १०० पेटाबाइटची, म्हणजे दहा कोटी जीबीची साठवण. माहिती ट्रकमध्ये भरा आणि गाडी हाका! २०२४ मध्ये ती सेवा त्यांनी गुंडाळली. शिवाय क्लाउडवरच्या काही तयार सेवा टपरी उतरवू देत नाहीत, तिथे मांडवच सोडावा लागतो. मशिनची निगा तिकडे जाते हे खरं आणि ते कमी नाही. वाट मात्र हीच.

गठ्ठ्याची किल्ली

पतसंस्थेच्या त्या एका फायलीत गावातल्या हजारो लोकांची नावं, पत्ते, शिल्लक, पॅन, सगळं होतं. अशी फाइल उघड्या पेन ड्राइव्हवर खिशातून नेणारे मी पाहिलेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेत कसूर केल्यास कमाल दंड २५० कोटींपर्यंत आहे. तेव्हा बॅकअपला कुलूप घालावं, म्हणजे तो सांकेतिक करावा. पण मग त्या कुलपाची किल्ली वेगळी जपावी लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही किल्ली एका प्रमाणपत्राच्या फायलीत असते. ती जुन्या मशिनवरच राहिली आणि मशिन भंगारात गेलं, तर बॅकअप अख्खा असूनही उघडत नाही. कुणी तज्ज्ञ येऊन फोडेल ही आशा ठेवू नये, न फुटण्यासाठीच ते कुलूप बनवलेलं असतं.

जुनं मशिन कधी विकायचं?

मॅनेजरसाहेबांनी रविवारीच विचारलं होतं. भंगारवाला ओळखीचा आहे म्हणे. मी नको म्हटलं.

परत फिरण्याची सोय कुठवर असते ते बघा. शनिवारी रात्री नव्यात एकही नवी नोंद नाही, तोवर परत जाणं म्हणजे जुन्याचं सील काढणं, बस. त्यासाठी आम्ही आधीच ठरवलं होतं, अकरापर्यंत तेरीज जुळली नाही तर जुन्यावरच सोमवार काढायचा, वाद नको. सोमवारी पहिली पावती फाटली की मात्र दोन वह्या वेगळ्या झाल्या. आता परतायचं तर नव्या नोंदी पुन्हा जुन्यात लिहाव्या लागतील, हातानेच, कारण नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या मशिनवर उघडत नाही.

मग ठेवायचं कशाला? कारण काही गोष्टी महिन्यानेच दिसतात. महिनाअखेरचं व्याज, तिमाहीचे अहवाल, वर्षातून एकदाच छापला जाणारा एखादा नमुना. असा एखादा कागद चुकला तर जुन्यावर तो कसा यायचा हे बघायला मशिन हवं. फक्त चुकून कुणी त्यावर लिहू नये म्हणून नेटवर्कची वायर काढायची.

पतसंस्थेतलं जुनं मशिन अजून अण्णांच्या टेबलाखाली आहे. वायर काढलेली, वर चिकटपट्टीने कागद लावलेला. त्यावर अण्णांच्या अक्षरात लिहिलंय: 'चालू करू नये. ३१ मार्चची तेरीज जुळल्यावर बघू.' कोणत्या वर्षीच्या, ते लिहिलेलं नाही.